सुरतला एका दिवसात जाऊन येणं परवडतं का? ४५ साड्यांचा प्रश्न आहे

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. नणंदेचं लग्न फेब्रुवारीत आहे आणि आहेराच्या साड्यांचं खातं माझ्याकडे आलंय, म्हणजे आलं नाही, सासूबाईंनी टाकलंय. यादी केली तर ४५ निघाल्या. त्यातल्या ३० साध्या, नेसली तर नेसली नाहीतर पुढच्या लग्नात फिरवली अशा, आणि १५ जरा बऱ्या, मामेसासू आत्येसासू वगैरे मंडळींच्या. इथं नाशकात मेनरोडला दोन दुकानं फिरून आले, साधी म्हणून जी दाखवतात ती साडेसहाशेच्या खाली येतच नाही. तर आमच्या यांनी काढलंय की सुरतला जाऊ, पहाटे निघू, दिवसभर खरेदी करू आणि रात्री घरी झोपायला. गाडी घरचीच, जुनी वॅगनार, पेट्रोल. माणसं आम्ही दोघं, सासूबाई आणि नणंद. यांना सुट्टी फक्त रविवारी. मॅप साडेपाच तास दाखवतोय एका बाजूने. आता अकरा तास गाडीत बसून साड्या घ्यायच्या तर साडी बघायला डोळे तरी उघडे राहतील का असं मला वाटतं, पण शेजारच्या काकूंनी सासूबाईंना सांगून ठेवलंय की सुरतला दोनशे रुपयात साडी मिळते आणि ते आता डोक्यातून निघत नाहीये. कोणी केलंय का असं एका दिवसात? खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

सिडकोचा_सोन्या
रविवारी रिंगरोडची मार्केटं बंद असतात ताई. विषय संपला.

गोदाकाठची
काय सांगता!! सगळीच?

सिडकोचा_सोन्या
जवळपास सगळीच. मी स्वतः गेलेलो मागच्या वर्षी, रविवारी, बायको आणि मेव्हणीला घेऊन. शटरं बघून आलो, लोचो खाल्ला, डुमसला समुद्र बघितला (काळी वाळू, काळं पाणी) आणि परत. बायको अजून बोलते त्यावर.

लिंबायतवाला
ताई मी मूळचा अमळनेरचा, १८ वर्षं झाली सुरतेत, मार्केटातच पॅकिंगला आहे म्हणून सांगतो. सोन्या भाऊ बरोबर बोलले, रविवारी येऊच नका. दिवाळीनंतर पण येऊ नका कधी, लाभपाचमपर्यंत कोणी दुकान उघडत नाही, आणि होळीला आमची सगळी लेबर गावी पळते. शनिवार चालतो पण गर्दी असते, मधला कुठलाही वार बरा. दुकानं साडेदहा-अकराला उघडतात, त्याच्या आधी येऊन तुम्ही काय झाडू मारताना बघणार का. म्हणजे पहाटे तीनला निघायची पण घाई नको.

आता दुसरी गोष्ट, रिंगरोडवरची जी मोठी मार्केटं आहेत, मिलेनियम, राधाकृष्ण वगैरे, तिथं बहुतेक गाळ्यात होलसेलचंच काम. एकच साडी द्या म्हटलं तर वर मान करून बघणार पण नाहीत. सेट घ्यावा लागतो, म्हणजे एकाच डिझाइनच्या सहा किंवा आठ साड्या, रंग वेगळे. तुम्हाला आहेराला पाहिजेत ना, मग उलट ते चांगलंच आहे. सुट्ट्या घ्यायच्या असतील तर बॉम्बे मार्केट, तिथं एक एक पण देतात, भाव थोडा जास्त पण आपल्यासारख्यांना तेच बरं पडतं. आणि स्टेशनवरून रिक्षात बसला आणि रिक्षावाला म्हणाला की मी चांगल्या दुकानात नेतो तर उतरून दुसरी रिक्षा करा, त्याचं कमिशन तुमच्याच साडीत लागणार.

दोनशेची साडी मिळते का, तर मिळते. दीडशेची पण मिळते. पण हात लावून बघा एकदा, आरपार पेपर वाचता येतो. पहिल्या धुण्यात रंग बादलीत. साधी पण देताना लाज वाटणार नाही अशी ३०० ते ३५० पासून आणि मामेसासूच्या लायकीची ९००-१००० ला. वर ५ टक्के जीएसटी, तो बोलताना कोणी धरत नाही, बिल करताना लावतात.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, कट विचारायचा. म्हणजे साडीची लांबी, ६.३० मीटर म्हणजे ब्लाउजपीससकट, ५.५० म्हणजे नुसती साडी. दिसायला घडी सारखीच. स्वस्त मालात ५.५० खूप असतो. विचाराल तर खरं सांगतील, नाही विचारलं तर स्वतःहून कोणी सांगणार नाही.

भाषेची काळजी करू नका, उधना, लिंबायत, पांडेसरा सगळीकडे आपलीच खानदेशी माणसं. मार्केटात पोटली उचलणारा पोरगा पण विचारेल, कोणता गावना भाऊ?

गोदाकाठची
दादा केवढं लिहिलंत, खूप खूप आभार. ते कटचं तर आयुष्यात ऐकलं नव्हतं. सेटचं ऐकून मात्र बरं वाटलं, एकाच डिझाइनच्या असल्या तर रुसवेफुगवे तरी होणार नाहीत. माझ्या लग्नात एका चुलत सासूबाईंना काठ बारीक आला म्हणून त्यांनी ओटी भरून घेतली नव्हती.

लिंबायतवाला
रंगावरून होतात ताई. चटणी रंग कोणालाच नको असतो आणि प्रत्येक सेटात एक असतोच.

पेठरोडचा_पक्या
रस्त्याचं कोणी बोललंच नाही. नाशिक ते सुरत सव्वादोनशे ते अडीचशे किमी धरा, कुठून जाता त्यावर. दोन वाटा आहेत. एक दिंडोरी-वणी-बोरगाव-सापुतारा करून खाली वघई, वांसदा. दुसरी पेठवरून, म्हणजे सावळघाट, कोटंबी घाट, मग बॉर्डर, कपराडा, नानापोंढा आणि पुढे मुंबई-अहमदाबाद हायवे. मी पेठवाला आहे म्हणून नाही सांगत पण पेठने जा, हायवेला एकदा लागलं की गाडी पळते, टोल जातो पण वेळ वाचतो. फक्त कपराड्याच्या कुंभघाटात सांभाळून, उतार मोठा आहे आणि कंटेनरवाले ब्रेक तापवून येतात मागून.

वणीची_वाट
असहमत. सासूबाई आहेत गाडीत, सापुताऱ्यानेच जा. वणीला चहा, सप्तशृंगीला खालूनच हात जोडायचे, सध्या बोरगावच्या पुढे रस्त्याला स्ट्रॉबेरीवाले बसलेले असतात, सापुतारा उतरलं की वघईपर्यंत सागाचं जंगल. प्रवास म्हणून काही चीज आहे की नाही. पेठच्या वाटेला काय बघणार, कंटेनरची पाटी?

पेठरोडचा_पक्या
पहाटे चारला निघणार त्या, अंधारात जंगल बघणार का सप्तशृंगी बघणार. आणि येताना पण अंधारच. तुमची स्ट्रॉबेरी कोण विकत बसलंय रात्री दहाला.

वणीची_वाट
बरं, मग दोन्ही घाटात ओकाऱ्या सारख्याच होणार, आवळासुपारी ठेवा. हे मात्र मान्य की सापुताऱ्याच्या घाटात रात्री गाडी घालू नये. रोजचा सराव नसेल तर तर नाहीच नाही.

पेठरोडचा_पक्या
एक सांगायचं राहिलं, जाताना टाकी फुल करू नका. बॉर्डर ओलांडली की पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी तरी स्वस्त. आमच्याकडचे लोक मुद्दाम तिकडं जाऊन भरतात. येताना फुल करून या.

सुरगाण्याचा_मास्तर
पेट्रोलच काय, रस्ता पण बॉर्डर ओलांडली की बदलतो, डोळे मिटून बसलं तरी पाठीला कळतं. २०२२ च्या डिसेंबरात आमच्याकडच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हणून मागणी केली होती ते पेपरात वाचलं असेल. लोकांना मजा वाटली. आमच्याकडच्या बाईला अडल्या वेळी दवाखाना कुठला जवळ पडतो ते येऊन बघा मग मजा वाटणार नाही. असो, विषय साड्यांचा आहे.

कॉलेजरोड_काकू
अगं मी हिशेब करून देते, आमच्या घरी दोन लग्नं झालीत. आधी मला सांग, मेनरोडला तू ४५ एकदम घेणार असं सांगितलंस का? का एक साडी बघायला आले म्हणून भाव विचारलास? ४५ म्हटलं की साडेसहाशेची साडेपाचशेला येते, गादीवर बसायचं आणि चहा येईपर्यंत उठायचं नाही. तर साधी साडी इथं ५५० धर. सुरतला लिंबायतवाले म्हणतात त्याप्रमाणे ३१०, वर जीएसटी म्हणजे ३२५. एकीमागे सव्वादोनशे वाचले, ३० चे झाले ६७५०. भारीतली इथं १४०० धर, तिथं १०००, पंधराचे वाचले ६०००. एकूण पावणेतेरा हजार. आता खर्च. जाऊन येऊन ४८० किमी, जुनी गाडी सोळाचं ॲव्हरेज देईल, ३० लिटर, ३००० गेले. टोल पार्किंग ४००. चार माणसांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा, १६०० च्या आत होणार नाही. हे झाले ५०००. यांची एक रजा पडणार कारण रविवार चालत नाही, ती तू धर. राहिले साडेसात-पावणेआठ हजार. वाईट नाहीत.

पण खरी गोष्ट ऐक, सुरतला जाऊन मोजून तेवढ्याच साड्या घेऊन आलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. मी स्वतः ४० ला गेले होते आणि ७१ घेऊन आले. त्यातल्या नऊ अजून कपाटात आहेत, लेकाच्या लग्नाला सात वर्षं झाली.

गोदाकाठची
हाहाहा काकू, तुमचा हिशेब यांना वाचून दाखवला. हे म्हणाले साडेसात हजार म्हणजे साडेसात हजार आहेत. नंतरचा पॅरेग्राफ वाचून दाखवला नाही.

जुना_नाशिककर
विषयांतराबद्दल क्षमस्व पण राहवत नाही. सुरतला खरेदीला जाऊन त्याच वाटेने घरी यायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महाराज पहिल्यांदा जानेवारी १६६४ मध्ये गेले, दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७० मध्ये, आणि दुसऱ्या खेपेला येताना बागलाणातून आले तेव्हा वाट अडवायला दाऊदखान आला आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. एवढा खजिना लादलेली जनावरं घाटात पुढे काढून द्यायची आणि मागे राहून उघड्या मैदानात मोगलांशी लढायचं, हे मला तरी खुद्द सुरतेपेक्षा मोठं काम वाटतं. दिंडोरी रोडने रोज हजारो गाड्या जातात, कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे.

सिडकोचा_सोन्या
काका त्यांना जीएसटी लागला नव्हता हेहे

जुना_नाशिककर
बसवला होता, त्यांनी सुरतेवर.

दारणेचा_दाद्या
दमणला जा ना त्यापेक्षा. पेठवरूनच वापी आणि तिथून अर्धा तास. समुद्र आहे, किल्ला आहे, बाकी सगळं आहे...

कॉलेजरोड_काकू
सासूबाई आहेत रे गाडीत.

दारणेचा_दाद्या
सॉरी काकू. पण ह्यावरून एक कामाचं सांगतो, सिरीयसली. गाडीची डिकी नीट बघून घ्या निघायच्या आधी. आपलं वाइनचं गाव, कोणाच्या ना कोणाच्या डिकीत एखादी बाटली पडलेली असतेच. मित्राच्या गाडीत दिवाळीगिफ्टचा बॉक्स तसाच होता, आत चिवडा, ड्रायफ्रुट आणि एक रेड वाइन, कोणी उघडलाच नव्हता. बॉर्डरला पोलिसांनी डिकी उघडायला लावली. गुजरातेत परमिट नसलं तर नुसती जवळ बाळगणं पण गुन्हा आहे, पिलेला असो नसो. मित्राच्या वडलांना ती बाटली आहे हेच माहीत नव्हतं, ते बिचारे माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात वाइनची बाटली असा दीड तास उभे होते. सुटले शेवटी हातापाया पडून. दमणहून परत येताना पण तेच, दमणला चालतं म्हणून विकत घेतली तरी वापीचा रस्ता गुजरातचाच.

गोदाकाठची
बापरे. आमच्या डिकीत यांचं क्रिकेटचं सामान आणि एक फुटकी बादली आहे. बघते तरी.

येवल्याचा_माग
ताई रागावू नका, एक विचारू का. मामेसासू-आत्येसासूंच्या त्या पंधरा सुरतच्याच कशाला? हजारात येवल्याची पैठणी येणार नाही हे मलाही कळतं, अस्सल हातमागावर एक साडी उतरायला साधीतली साधी असली तरी दिवसच्या दिवस जातात, ती त्या भावात कोणी देतो म्हणाला तर ती पॉवरलूमची आहे समजायचं. पण नवरीची आणि तुमच्या सासूबाईंची तरी येवल्यातून घ्या, नाशिकपासून दोन तासावर आहे आणि वाटेत कुठली बॉर्डर नाही. सुरतवाले 'सेमी पैठणी' म्हणून जे दाखवतील त्याला भुलू नका. पदर उलटा करून बघायचा, हातमागाच्या पदरावर मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. मशीनच्या मागे धाग्यांचं जंगल.

लिंबायतवाला
येवलेकर भाऊ बरोबर बोलतात. पण तुमच्या पैठणीची जर कुठून येते तेपण सांगा की.

येवल्याचा_माग
सुरतेहून. आणि रेशीम बंगळूरकडून. लपवायचं काय त्यात, सुरतच्या जरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या पैठणीला पण आहे. पण विणतो आम्ही.

लिंबायतवाला
मग झालं तर. इथं पण साडी काय एका जागी बनत नाही भाऊ, ग्रे म्हणजे कोरं कापड लूमवर, रंग-छपाई पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आणि टिकल्या लावायचं काम आमच्या गल्लीतल्या बायका घरी बसून करतात. माझी आईपण करायची. दुपारी कुकर लावला की गठ्ठा घेऊन बसायची, टिकलीमागे पैसा, रुपया नाही म्हणत मी, पैसा. तुम्ही आहेरात देता ना ती चमचमणारी, ती अशी. तिच्या बोटाला डिंकाचा थर बसायचा तो भाकरी थापताना निघायचा नाही.

गोदाकाठची
दादा हे वाचून आता टिकल्यांची साडी घ्यावी का घेऊ नये तेच कळेना.

लिंबायतवाला
घ्या की ताई. नाही घेतली तर ते काम पण नाही.

सिडकोचा_सोन्या
ट्रेनचं कोणी बघितलं का? नाशिकरोडवरून?

जुना_नाशिककर
कल्याणला उतरून वसई, नाहीतर जळगाव-नंदुरबार असा उलटा वळसा. साड्यांचे गठ्ठे घेऊन वसईचा जिना चढायची हौस असेल त्याने करावं. रात्रीची बस त्यापेक्षा बरी, एसटी आहे, गुजरातची आहे, खासगी स्लीपर आहेत. पहाटे पोचायचं, रात्रीच्या बसने परत. पण सासूबाईंना पहाटे पाचला सुरतच्या स्टँडवर बाथरूम शोधून देणं ही जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा.

वणीची_वाट
तो सुरत-चेन्नई एक्सप्रेसवे झाला असता तर हा धागाच निघाला नसता. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून जाणार म्हणून किती वर्षं ऐकतोय.

दिंडोरीचा_द्राक्षवाला
तुमचा दोन तासात सुरत व्हावा म्हणून आमच्या बागेतून रेघ गेलीय. भाव काय देणार ते नीट सांगा आणि मग घ्या रस्ता. साडी दोनशेची असते, द्राक्षबाग नसते.

गोदाकाठची
मंडळी, ठरलं एकदाचं. यांनी पुढच्या शनिवारची रजा टाकली. पहाटे चारला निघणार, पेठने (वणीताई सॉरी), साडेदहाला मार्केट, दुपारी साडेचारला काहीही झालं तरी बाहेर. काकूंनी सांगितल्याप्रमाणे मेनरोडला परत जाऊन '४५ घेणार' म्हणून बसले, खरंच ५७० पर्यंत आले ते. मी तर तिथंच घेणार होते पण सासूबाई म्हणाल्या ५७० ला कशाला, सुरतला दोनशेला मिळते. शेजारच्या काकूंनी आता स्वतःसाठी पण आठ सांगितल्यात, दोनशेवाल्याच, सत्यनारायणाला द्यायला. यादी कागदावर लिहून घेतलीय, जास्तीची एक घ्यायची नाही असं नणंदेकडून वदवून घेतलंय.

कॉलेजरोड_काकू
बरं बाई. शुभास्ते पंथानः.

सिडकोचा_सोन्या
पोंक खाऊन या, सीझन आहे. आपल्या हुरड्याचाच भाऊ पण त्यावर ती लिंबू-मिरीची शेव टाकतात, आई शपथ. उगाच नाही म्हणत सुरतनुं जमण ने काशीनुं मरण.

गोदाकाठची
आलो आम्ही. कालच लिहिणार होते पण काल दिवसभर मी माणसात नव्हते.

सविस्तर सांगते. चारला निघायचे ते पावणेपाचला निघालो कारण सासूबाईंनी चारला दशम्या करायला घेतल्या, बाहेरचं कशाला खायचं म्हणून. पेठरोडला गावातून बाहेर पडेपर्यंतच हाडं खिळखिळी, मग बरा होता. कोटंबी घाटात नणंदेला दोनदा उतरावं लागलं. बॉर्डरला कोणी डिकी बघितली नाही, दाद्या, पण हे त्या बादलीसकट सगळं रिकामं करून निघाले होते त्यामुळे यांचा जरा हिरमोडच झाला. पावणेअकराला रिंगरोड. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा पत्रे लावून बंद, पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला. म्हणजे साडेअकराला आम्ही पहिल्या दुकानाची पायरी चढलो आणि सकाळपासून कोणीच धड झोपलेलं नाही.

आत गेल्यावर मात्र काय सांगू. बारक्या गाळ्यात पांढरी गादी, वरपर्यंत गठ्ठे, आणि तो मुलगा साडी उलगडत नाही, फेकतो. हवेत एक झटका, पदर बरोबर तुमच्या गुडघ्यापाशी येऊन पडतो, तोवर दुसरी हवेत. दहा मिनिटात समोर ढीग. सगळ्या चांगल्याच दिसायला लागतात. मी आपली प्रत्येकाला कट किती, कट किती विचारत होते, एक शेठ हसून म्हणाले बेन तुमची दुकान आहे का. साध्याचे चार सेट घेतले आठ-आठचे, म्हणजे ३० च्या जागी ३२, ३२० प्लस टॅक्स. चटणी रंग चारातल्या तीन सेटात निघाला. भारीतले सहाचे दोन सेट ९५० ला आणि तीन सुट्ट्या बॉम्बे मार्केटात. टिकल्यांच्या पण आहेत त्यात, लिंबायतवाले दादा, मी मुद्दाम घेतल्या आणि सासूबाईंना तुमच्या आईंचं सांगितलं. त्यांनी ती साडी परत हातात घेऊन टिकल्यांवरून बोट फिरवलं, काही बोलल्या नाहीत.

जेवायला अर्धा तास पण मिळाला नाही, दशम्या गाडीतच खाल्ल्या. पोंक उभ्या उभ्या, आणि त्याच्यासाठी मात्र परत जाईन. शहर स्वच्छ आहे बाई, ते मानलं.

निघालो साडेपाचला, घरी बाराला दहा कमी. येताना नणंद आणि सासूबाई मागे एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेल्या आणि मी यांना झोप लागू नये म्हणून नानापोंढ्यापासून पेठपर्यंत लग्नाच्या पत्रिकेतली नावं वाचून दाखवत होते. यांनी पुढच्या वेळी दोन दिवस काढू म्हटलंय. पुढच्या वेळी म्हणे. पैसे वाचले का तर वाचले, काकूंच्या हिशेबापेक्षा थोडे कमी, साधारण सहा हजार. एका दिवसात होतं का तर होतं, पण त्या सहा हजारासाठी मी तरी परत नाही करणार, सत्तर-ऐंशी साड्या घ्यायच्या असतील आणि मधल्या वारी रात्री तिथं मुक्काम असेल तर वेगळी गोष्ट.

कॉलेजरोड_काकू
जास्तीच्या किती?

गोदाकाठची
काकू अगदी यादीप्रमाणे. ४५ च्या ४७, त्या पण सेटमुळे. नणंदेने एक घागरा बघितला होता पण मी हात धरून बाहेर काढलं. शेजारच्या काकूंच्या आठ वेगळ्या.

सिडकोचा_सोन्या
मग मिळाली का दोनशेला?

गोदाकाठची
मिळाली ना. २१० ला. सासूबाई पहिल्या दुकानापासून तेच शोधत होत्या, शेवटी निघता निघता पाच वाजता एका जिन्याखालच्या गाळ्यात मिळाली. सेट बांधून पण तयार होता, हे खाली हॉर्न मारत होते, पैसे दिले आणि उचलला. कापड पण तितकं वाईट नव्हतं हो.

लिंबायतवाला
कट विचारला का ताई?

गोदाकाठची
...

गोदाकाठची
दादा आत्ता जाऊन शेजारच्या काकूंच्या घरी टेपने मोजून आले. आठच्या आठ ५.५०.

लिंबायतवाला
तो सेट आता बदलून पण मिळणार नाही.

गोदाकाठची
काकू म्हणतायत सत्यनारायणाला बिनब्लाउजची साडी कशी देऊ. आठ वेगवेगळ्या रंगांचे मॅचिंग ब्लाउजपीस नाशकात कुठं स्वस्त मिळतील कोणी सांगेल का? त्यातला एक चटणी आहे.

कॉलेजरोड_काकू
मेनरोडला. साडी बरोबर घेऊन जा, रंग उजेडात येऊन बघ, आणि आठ घेणार म्हणून आधीच सांग.